समोर सीबी आहे, आता काय? नव्या को-पायलटसाठी

बारामतीला किंवा गोंदियाला छोटं विमान शिकताना वादळाचा धडा एका वाक्यात संपतो: सीबी, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग, दिसला की उडायचं नाही, हँगरमध्ये चहा प्यायचा. एअरलाइनमधल्या पहिल्याच मे महिन्यात, संध्याकाळच्या कोलकाता–मुंबई विमानात, कळतं की आता ढग दिसला तरी उडायचंय. मागे पावणेदोनशे माणसं बसलीत आणि चहाचा कप आधीच हलायला लागलाय.

हा लेख टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, नुकतंच संपवून उजव्या सीटवर बसणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि कंपनीचे नियम हेच अंतिम. मी फक्त ते कुठल्या क्रमानं हाताशी यायला हवेत ते सांगतो. आकडे बहुतेक एअरबस ए320चे देतोय, कारण आपल्याकडे निम्मी पोरं त्याच्यावरच येतात.

सुरुवातीलाच एक शब्द. वैमानिक ‘पुढे वेदर आहे’ म्हणाला की त्याचा अर्थ वाईट हवामान एवढाच. स्वच्छ आकाशाला आमच्यात कोणी वेदर म्हणत नाही.

ढग कोणता ते आधी ठरवा

आपल्याला टाळायचाय तो क्युम्युलोनिंबस, म्हणजे सीबी. वळवाचा पाऊस आणणारा हाच. दुपारी तापलेल्या जमिनीवरून फुलकोबीसारखा वर चढतो, आत एकाच वेळी हवेचे झोत वरही जात असतात आणि खालीही येत असतात, आणि शेवटी माथा ऐरणीसारखा पसरतो. एका सुट्या सेलचं, म्हणजे एकेका वादळी ढगाचं, आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचं असतं, पण एक विरतो तोवर शेजारी दुसरा उभा राहतो. त्यामुळे ‘पोहोचेपर्यंत विरेल’ हा हिशोब करू नका.

उंचीचा हिशोब तर त्याहून सरळ आहे. आपल्या भागात मोठ्या सीबीचा माथा 50 हजार फुटांच्याही वर जातो. ए320 फार तर 39 हजारांच्या आसपास. वरून जाऊ, हा पर्याय बहुतेक वेळा नसतोच. खालून गेलं तर पाऊस, गारा आणि खाली कोसळणारी हवा. उरते ती बाजू. पुढचं सगळं त्या बाजूनं जाण्याबद्दल आहे.

निघण्याआधी

ब्रीफिंगमध्ये मेटार (विमानतळाचं आत्ताचं हवामान) आणि टॅफ (पुढच्या काही तासांचा अंदाज) सगळेच बघतात. त्यात ‘टीएसआरए’ म्हणजे गडगडाटासह पाऊस. ‘टेम्पो’ लिहिलं असेल तर अधूनमधून, एका वेळी तासाभराहून कमी. माझ्या एका विद्यार्थ्यानं टेम्पो म्हणजे ‘थोडंसंच’ असं धरलं होतं. तसं नाही. त्या अर्ध्या तासात तुम्ही फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, असाल तर तुमच्यासाठी ते शंभर टक्के.

मग सिगमेट, म्हणजे धोकादायक हवामानाचा इशारा, वाचा आणि उपग्रहाचं ताजं चित्र बघा. त्यात ढग किती आहेत यापेक्षा ते कुठे सरकताहेत ते शोधा. बंगालच्या बाजूला मार्च ते मे कालबैसाखी उठते, ती साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे धावते. महाराष्ट्रात वळीव दुपारनंतर पेटतो आणि रात्री उशिरा थंडावतो. म्हणजे सकाळी सातचं आणि संध्याकाळी सातचं नागपूर ही दोन वेगळी गावं समजा.

शेवटी इंधन. ए320 तासाला साधारण 2,400 किलो पितं, म्हणजे मिनिटाला 40. वीस मिनिटांचं होल्डिंग (उतरण्याआधी वर चकरा) म्हणजे 800 किलो. मुंबईला वादळ आलं की वर चकरा मारणारी सगळी विमानं अहमदाबाद, गोवा, हैदराबाद याच दोन-चार नावांकडे बघतात. तिथल्या पार्किंगच्या जागाही मोजक्याच असतात. कॅप्टननं जास्तीचं इंधन मागितलं तर ‘कशाला सर’ म्हणू नका. नाही मागितलं तर मात्र ‘सर, थोडं वाढवायचं का’ हे विचारणं तुमचं काम आहे.

रडार वाचायला शिका, बघायला नव्हे

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा थांबतो.

नाकातलं रडार ढग दाखवत नाही, पाणी दाखवतं. ओला थेंब त्याला छान दिसतो. कोरडी गार आणि बर्फाचे स्फटिक फार कमी दिसतात. म्हणून सीबीचा खालचा ओला गाभा पडद्यावर लालभडक येतो आणि बर्फाचा माथा हिरवा, किंवा काळाच. 35 हजार फुटांवर अँटेना सरळ समोर धरली, तर तुम्ही नेमका तो न दिसणारा माथा बघत असता.

त्यासाठी टिल्ट, म्हणजे अँटेनाचा वर-खाली कल. तोंडी हिशोब असा: अंतराचे नॉटिकल मैल गुणिले अंश गुणिले शंभर, उत्तर फुटांत. 80 मैलांवर दीड अंश खाली म्हणजे 12 हजार फूट खाली. तुम्ही 35 हजारांवर असाल तर किरणाचा मध्य 23 हजारांच्या आसपास लागतो, आणि किरण स्वतः तीन-साडेतीन अंश रुंद असल्यामुळे ओला भाग त्यात सापडतो. ढग जवळ येतो तसा टिल्ट आणखी खाली न्यावा लागतो, नाहीतर किरण माथ्यावरून निघून जातो आणि लाल डाग अचानक ‘नाहीसा’ होतो. ढग तिथेच असतो, तुमची नजर हटलेली असते. नवी रडारं हे आपोआप करतात, पण ती काय करताहेत हे कळत नसेल तर त्यांनी दाखवलेलं चित्रही कळणार नाही.

दोघांनी एकच रेंज लावू नका. एकानं 160, दुसऱ्यानं 80. लांबच्या चित्रावर वाट ठरते, जवळच्या चित्रावर वळण.

आता सावली. जोरदार पाऊस रडारचा किरण खाऊन टाकतो, मग पावसाच्या मागचं काहीच दिसत नाही. पडद्यावर लाल पट्टा आणि त्याच्या मागे स्वच्छ काळं. ते काळं मोकळं आकाश आहे असं मानणं महागात पडतं. 4 एप्रिल 1977 ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजचं डीसी-9 असंच वादळात शिरलं, पाऊस आणि गारांनी दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ते रस्त्यावर उतरवताना कोसळलं. चौकशीत रडारच्या या मर्यादेवर बोट ठेवलं गेलं. लालच्या मागचं काळं म्हणजे ‘माहीत नाही’. मी विद्यार्थ्यांना एवढं एकच वाक्य पाठ करायला लावतो.

आकाराकडेही लक्ष द्या. आकडीसारखा बाक, बोटासारखं बाहेर आलेलं टोक, हिरव्यातून लालपर्यंत अगदी पातळ कडा: डाग कितीही छोटा असला तरी असं दिसलं की लांबून जा. दिवसा खिडकीतून बघायला विसरू नका. रडारपेक्षा डोळ्यांना माथा चांगला दिसतो.

कधी वळायचं

मोठ्या सीबीपासून 20 मैल दूर राहायचं, हा सर्वमान्य आकडा. कागद-पेन्सिल घेऊन बसा. ढग अगदी नाकासमोर आहे आणि त्याच्या बाजूनं 20 मैलांवरून जायचंय. 80 मैल आधी वळलात तर साधारण 15 अंश पुरतात. 40 मैलांवर तेच 27 अंश होतात. 20 मैलांवर जाग आली तर 45, आणि तोपर्यंत तुम्ही त्या वीस मैलांच्या कुंपणाला टेकलेले असता. विमान मिनिटाला आठ मैल जातं. म्हणजे 80 मैल म्हणजे दहा मिनिटं, 40 म्हणजे पाच.

खर्च बघा. 80 मैलांवरून वळून पलीकडे पुन्हा मार्गावर आलात तर एकूण वाढलेलं अंतर जेमतेम पाच मैल. मिनिटाचंही उड्डाण नाही, 25 किलो इंधन. उशिरा वळणाऱ्याला मात्र मोठं वळण, हादरे आणि कंट्रोलरची कटकट असं सगळं एकदम भरावं लागतं. 40 मैल उरेपर्यंत निर्णय झालेला नसेल तर तुम्ही मागे पडलात असं समजा.

कोणत्या बाजूनं? वाऱ्याच्या वरच्या बाजूनं, म्हणजे जिकडून वारा येतो तिकडून. ऐरणीचं टोक वाऱ्याबरोबर पसरतं, आणि माथ्यातून फेकल्या गेलेल्या गारा त्या टोकाखाली, ढगाबाहेरच्या मोकळ्या हवेतही पडतात. आपल्याकडे गंमत अशी की ही बाजू ऋतूप्रमाणे बदलते. एप्रिल-मेमध्ये विमानाच्या उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेचा, ऐरण पूर्वेकडे झुकते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच उंचीवर पूर्वेचा वारा असतो, ऐरण पश्चिमेकडे. मेमध्ये लागलेली सवय जुलैत चालवू नका. नॅव्हिगेशन डिस्प्लेच्या कोपऱ्यात वाऱ्याचा बाण असतो. वळण मागण्याआधी एकदा तिकडे बघा.

आणि दोन सेलच्या मधून जायचा मोह झाला तर त्यांच्यातलं अंतर किमान 40 मैल हवं. दोन्हीकडून वीस-वीस. त्याहून कमी असेल तर ती वाट नव्हे.

मागायचं कसं

तुम्हाला समोर जे लाल-पिवळं दिसतं ते कंट्रोलरला तसंच दिसत नाही. त्याच्या पडद्यावर मुख्यतः विमानं असतात: प्रत्येकाचं नाव, उंची, वेग. एकाच सेक्टरमध्ये दहा-बारा विमानं, प्रत्येकाला हवंय वेगळं वळण, आणि दोघांत सारख्या उंचीवर पाच मैल किंवा उभ्यात हजार फूट राखणं त्याच्या गळ्यात. शेजारी हवाई दलाचा भाग असेल तर तिकडे फोन करून परवानगी घ्यावी लागते. पुण्याचा विमानतळ तर हवाई दलाचाच. तुमच्या ‘राइट ट्वेंटी’मागे त्याचे दोन फोन असतात. म्हणून त्याला वेळ द्या.

मागणीत तीन गोष्टी हव्यात: कोणत्या बाजूला, किती, आणि किती वेळ.

“रिक्वेस्ट राइट ऑफ ट्रॅक, अप टू थर्टी माइल्स, ड्यू वेदर, फॉर नेक्स्ट एटी माइल्स.”

नुसतं “रिक्वेस्ट राइट ड्यू वेदर” म्हणालात की तो विचारणार किती, तुम्ही सांगणार, तो विचारणार कुठपर्यंत. तेवढ्या वेळात दुसरी दोन विमानं बोलायची थांबलेली असतात. उत्तर साधारण असं येतं: “डिव्हिएशन अप टू थर्टी माइल्स राइट अप्रूव्ह्ड, रिपोर्ट क्लिअर ऑफ वेदर.” ते पूर्ण परत वाचा. ढग मागे पडला की न विचारता सांगा. कंट्रोलर त्या एका वाक्याची वाट बघत असतो, कारण तोवर तुमच्या उजवीकडचे तीस मैल त्यानं अडवून ठेवलेले असतात.

आणखी एक उपकार करता येतो. पुढे जोरात हादरे लागले तर उंची आणि जागा सांगून कळवा. मागच्या पाच विमानांसाठी ती बातमी रडारपेक्षा ताजी असते. तुम्हीही कान उघडे ठेवा: पुढचे सगळे डावीकडे जात असतील तर तुमच्या उजवीकडच्या हिरव्या जागेत काहीतरी गडबड असणार.

माझ्या को-पायलटच्या दिवसांत मी एकदा फक्त लाजेखातर उशीर केला. फ्रीक्वेन्सीवर गर्दी होती, दोनदा माझं बोलणं कोणाच्या तरी बोलण्याखाली दबलं, तिसऱ्यांदा बटण दाबायचा धीर झाला नाही. कॅप्टन म्हणाले, “काय रे, बोलतोस ना?” मी म्हणालो, “हो सर, गॅप बघतोय.” गॅप मिळाला तेव्हा ढग पंचवीस मैलांवर होता. वळण मोठं मिळालं, कडेनं निघालो, मागे गॅलीतली ट्रॉली आडवी झाली. कोणाला लागलं नाही. सीटबेल्टचा दिवा लावायचं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं, तो कॅप्टननीच लावला. उतरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “गर्दी कोणासाठी होती, आपल्यासाठी की त्यांच्यासाठी?” प्रश्नाचा अर्थ मला आजही नीटसा लागलेला नाही, पण तेव्हापासून मी 120 मैलांवरच तोंड उघडतो.

“अनेबल” म्हणाले तर

अनेबल म्हणजे ‘जमणार नाही’. म्हणतील, राग मानायचा नाही. लगेच दुसरा पर्याय पुढे करा: दुसरी बाजू, दुसरी उंची, मागेच होल्ड. तरी जमत नसेल आणि ढग जवळ येतोय, तर ठरलेले शब्द वापरा: “वेदर डिव्हिएशन रिक्वायर्ड.” या शब्दांना फ्रीक्वेन्सीवर प्राधान्य मिळतं. त्यानंही भागलं नाही तर तीनदा “पॅन पॅन”, म्हणजे तातडीची हाक. पॅन म्हटलं की नोकरी जाते अशी एक समजूत पोरांमध्ये आहे. ती कुठून आली मला माहीत नाही, पण खोटी आहे.

21 मे 2025 ला दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं विमान पठाणकोटजवळ 36 हजार फुटांवर वादळासमोर आलं. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएनं दिलेल्या माहितीप्रमाणे वैमानिकांनी सीमेच्या बाजूला, डावीकडे वळण मागितलं, ते हवाई दलाच्या कंट्रोलनं मंजूर केलं नाही. पाकिस्तानच्या हद्दीतून जायला लाहोरच्या कंट्रोलनंही नकार दिला. मागे फिरायचा विचार झाला, पण ढग तोवर अगदी जवळ होता, म्हणून ते आत शिरले. गारा, वेगाची भरवशाची नसलेली आकडेवारी, ऑटोपायलट सुटलेला, आणि खाली येण्याचा वेग काही काळ मिनिटाला 8,500 फूट. विमान श्रीनगरला सुखरूप उतरलं, नाकाचं नुकसान झालं, प्रवाशांना इजा झाली नाही. त्या कॉकपिटमध्ये मी नव्हतो, त्यामुळे शहाणपणा शिकवत नाही. माझ्यापुरतं एवढं घेतलं की सीमेजवळच्या मार्गावर एक बाजू बंदच आहे असं धरून दुसरीकडे आधीच सरकायचं.

समुद्रावर गोष्ट वेगळी. मुंबईहून अरबी समुद्र ओलांडताना किनाऱ्यापासून दूर गेलं की साधा रेडिओ संपतो, बोलणं एचएफवर (लांब पल्ल्याच्या रेडिओवर) किंवा सीपीडीएलसीच्या लिखित निरोपानं चालतं. उत्तर यायला वेळ लागतो, आणि ढग थांबत नाही. परवानगी मिळालीच नाही आणि वळणं भागच असेल, तर आंतरराष्ट्रीय नियम असा: सगळे दिवे लावा, 121.5 या आणीबाणीच्या फ्रीक्वेन्सीवर आसपासच्या विमानांना सांगा, टीकॅसवर, म्हणजे जवळची विमानं दाखवणाऱ्या यंत्रावर, नजर ठेवा. मार्गापासून पाच मैलांपर्यंत उंची तीच ठेवा. त्याहून लांब जायचं असेल तर पाच मैलांवर 300 फुटांचा फरक करा. दक्षिणेकडे वळत असाल तर 300 वर, उत्तरेकडे तर 300 खाली. परत येताना पाच मैलांच्या आत मूळ उंचीवर. मी चिठ्ठीवर लिहून ठेवायचो: ‘दक्षिण वर, उत्तर खाली’. घरातल्या भिंतीवरच्या नकाशाच्या अगदी उलट, म्हणून लक्षात राहतं.

आत सापडलात तर

सगळं करूनही कधीतरी कड लागते. हे सगळं आत शिरण्याआधी झालेलं असावं: सीटबेल्टचा दिवा, केबिन क्रूला बसायला सांगणं, आपले खांद्याचे पट्टे, इंजिनचं अँटी-आइस, आणि ए320वर वेग 20 हजार फुटांच्या वर 275 नॉट किंवा माख 0.76 (आवाजाच्या वेगाच्या 0.76 पट), खाली 250 नॉट. रात्र असेल तर कॉकपिटचा डोम लाइट पूर्ण लावा. समोर वीज चमकली की डोळ्यांना काही सेकंद काहीच दिसत नाही, दिवा लावलेला असेल तर निदान पडदे तरी दिसतात.

आत काय होतं ते आधी ऐकून ठेवा म्हणजे दचकणार नाही. काचेवर जांभळट रेघा नाचतात, ती सेंट एल्मोची आग, निरुपद्रवी. हेडफोनमध्ये खरखर. गारा लागल्या तर पत्र्यावर कोणी खडे ओततंय असा आवाज, इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. अशा वेळी उंची धरून ठेवायच्या मागे लागू नका. पंख समांतर, नाक ठरलेल्या कोनात, आणि उंची थोडी वरखाली होऊ द्या. आत शिरल्यावर मागे वळू नका. वळणात विमानावरचा भार वाढतो आणि ढगातला मुक्कामही.

वेगाचे आकडे विचित्र वागले तर बर्फाच्या स्फटिकांची शंका घ्या. 1 जून 2009 ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए330 अटलांटिकवर याच कारणानं संकटात आलं. वेग मोजणाऱ्या पीटो नळ्या काही वेळापुरत्या बर्फानं बुजल्या, ऑटोपायलट सुटला, आणि पुढे विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल गेली. 228 जण गेले. वेग कळत नसेल तेव्हा किती कोन आणि किती थ्रस्ट (इंजिनचा जोर), हे आकडे तोंडपाठ हवेत. मॅन्युअल शोधायला तेव्हा वेळ नसतो.

उतरताना

विमानतळावर वादळ असेल तर साधं उत्तर आहे: थांबा. सेल बहुधा अर्ध्या तासात सरकतो. इंधन संपत आलं आणि ठरलेल्या ठिकाणी उशीर झाला तर 30 मिनिटांच्या राखीव साठ्याला हात लागेल असं दिसलं, की “मिनिमम फ्युएल” म्हणा. हात लागणारच असेल तर “मेडे, मेडे, मेडे, फ्युएल”.

भीती मायक्रोबर्स्टची. ढगातून हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. फायनलवर तुम्हाला आधी समोरचा वारा वाढलेला जाणवतो, वेग वाढतो, हात थ्रस्ट कमी करायला जातो. काही सेकंदांत वारा पाठीमागून येतो आणि वेग गळून पडतो. 2 ऑगस्ट 1985 ला डॅलसला डेल्टा एअरलाइन्सचं फ्लाइट 191 याच सापळ्यात सापडलं, 137 माणसं गेली. विंडशिअरचा, म्हणजे वारा एकाएकी बदलल्याचा, इशारा आला की चर्चा नाही: पूर्ण थ्रस्ट, नाक वर, आणि बाहेर पडेपर्यंत चाकं-फ्लॅप्स जिथे आहेत तिथेच. सिम्युलेटरमध्ये हात आपोआप गिअरच्या (चाकांच्या) लिव्हरकडे जातो. तो तिथेच मोडून काढा.

उतरल्यावर

वीज लागल्याची शंका जरी असली तरी टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहा. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा तरी वीज लागते आणि ते सहसा सुखरूप येतं, पण तपासणी चुकवता येत नाही. इंजिनिअर शिडी आणि टॉर्च घेऊन नाकापासून शेपटीपर्यंत जातो. विजेच्या खुणा फार छोट्या असतात, उदबत्तीचा चटका बसावा तशा, एका रांगेत. तो प्रत्येकीभोवती गोल करतो, मोजतो, वहीत लिहितो. तुम्ही खाली उभे राहून टॉर्च धरा. वर गेटवर पुढच्या फ्लाइटचे प्रवासी काचेतून बघत असतात आणि त्यांना तासाभराच्या उशिराची घोषणा ऐकू येत असते.